राज्य बदलले, गाव केव्हा बदलणार?

(वेरूळ येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या डोंगराच्या पायथ्याशी बसलो आहोत त्या डोंगरात चौतीस लेणी आहेत आणि त्यांपैकी पहिली बारा बौद्धांची आहेत. सकाळी आपण दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात जाऊन वंदना केली. त्या लेण्यास येथील लोक सुताराचे झोपडे म्हणतात. कारण छताच्या दगडात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरलेल्या आहेत. सुमारे तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी ज्या हातांनी हा दगड फोडला, त्या हातांच्या धन्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. भिक्षुसंघ येथून गेला, धम्म या भूमीतून लोपला, आणि पुढे अनेक शतके या लेण्यांत वटवाघळे राहिली. आता तुम्ही आला आहात.

मी पेशाने वकील आहे, इतिहासकार नव्हे. परंतु वकिलास एक सवय जडलेली असते. कोणताही तंटा पुढे आला की तो तीन प्रश्न विचारतो. मालकी कोणाची? कब्जा कोणाचा? आणि कागद कोणाच्या नावाचा? आपल्या या मुलखाच्या इतिहासास हेच तीन प्रश्न विचारावेत, एवढ्याचसाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे. ज्यास आपला इतिहास ठाऊक नाही, त्यास आपला हक्कही ठाऊक नसतो.

येथून दीड-दोन कोसांवर खुलदाबाद आहे. तेथे तीन कबरी आहेत. एक मलिक अंबरची. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष पराक्रमाने निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली खडकी हे शहर त्याने वसविले, तेच पुढे औरंगाबाद झाले, व आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. दुसरी कबर औरंगजेबाची. तो १७०७ साली वारला. तिसरी कबर निजाम-उल-मुल्क आसफजाह याची. तो १७४८ साली वारला. आणि ज्या वेरूळ गावात आपण बसलो आहोत, तेथील पाटीलकी शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांच्याकडे होती. सुलतान, बादशहा, निजाम, राजे यांचा इतिहास या दोन कोसांत दाटीवाटीने पुरलेला आहे. तो शाळेत शिकवितात, आणि शिकवावाही. परंतु बंधूंनो, या साऱ्या काळात तुमचे-आमचे पूर्वज कोठे होते? ते गावकुसाबाहेर होते. राज्य कोणाचेही असो, त्यांची जागा तीच होती.

आता निजामाच्या राज्याकडे वळू. १७२४ साली आसफजाहने वऱ्हाडातील साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पाडाव केला आणि दख्खनेत आपले स्वतंत्र राज्य उभारले. त्याची पहिली राजधानी औरंगाबाद होती; १७६३ साली ती हैदराबादेस गेली. १७९८ साली निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. लॉर्ड वेलस्लीच्या या जाळ्यात सापडलेला हा पहिला मोठा संस्थानिक होय. तेव्हापासून निजाम नावाचा राजा राहिला; बंदूक इंग्रजाच्या हाती गेली. फौजेचा खर्च निजामाच्या माथी, आणि खर्च थकला म्हणजे कर्जही त्याच्याच माथी! या कर्जापोटी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला. अशा रीतीने आपला मराठवाडा दुहेरी पारतंत्र्यात सापडला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजा एका धन्याची गुलाम होती. आपण गुलामाचे गुलाम होतो.

आणि आपण अस्पृश्य तर त्याहूनही खाली होतो. बारावे लेणे तुम्ही पाहिलेत. त्यास तीन ताल म्हणतात, कारण ते तीन मजली आहे. आपल्या डोक्यावरही असेच तीन मजले होते. सर्वांत वर इंग्रज, त्याखाली निजाम व त्याचे जहागीरदार, आणि त्याखाली गाव. सामान्य शेतकऱ्यास वरचे दोन मजले जड होते. आपणांस तिन्ही जड होते, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत जड होता तो तिसराच. इंग्रज आपल्या आजोबांनी कधी पाहिला नाही. निजाम त्यांस नाण्यावर भेटला. गाव मात्र रोज सकाळी दारात उभा राहून त्यांस हाक मारीत असे. मेलेले ढोर ओढा, सांगावा पोहोचवा, सरकारी अंमलदाराचे ओझे डोक्यावर घ्या, लाकडे फोडा. याचा मोबदला काय? तर शिळी भाकर आणि खळ्यावरचा उरलासुरला दाणा. यासच वेठ म्हणतात.

राज्यातील जमीन तीन प्रकारची होती. दिवाणी म्हणजे सरकारच्या खजिन्याची, सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी मालकीची, आणि जहागिरी म्हणजे सरदार-उमरावांस तोडून दिलेली. जहागिरीत महसूल तोच वसूल करी, अंमलही त्याचाच चाले. आता माझे तीन प्रश्न लावून पाहा. मालकी निजामाची वा जहागीरदाराची, कब्जा गावातील वजनदारांचा, कागद उर्दूत लिहिलेला. घाम तेवढा आपला!

१९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे या राज्यात सुमारे १ कोटी ६३ लक्ष लोक होते. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलंगणात, पाच मराठवाड्यात आणि तीन कर्नाटकात होते. इतक्या लोकांस राज्यकारभारात खराखुरा आवाज नव्हता. सभा भरवावयाची झाली तरी ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वये आधी परवानगी घ्यावी लागे. लोकांच्या भाषा तेलुगू, मराठी व कानडी. परंतु १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम मात्र उर्दू.

या राज्यात आपली स्थिती काय होती, याचा दाखला येथून चार-पाच कोसांवर, दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात आहे. १९३४ साली परमपूज्य बाबासाहेब आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह प्रवासास निघाले. कोठे निघाले होते, ठाऊक आहे? ते येथे, वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. प्रवासाच्या धुळीने सर्वांचे अंग भरले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे एक टाके होते. त्यातील पाण्याने काही मंडळींनी तोंड-हात-पाय धुतले आणि ती आत निघाली. इतक्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत धावत आला की, धेडांनी टाके बाटविले! पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, आणि प्रकरण हातघाईवर येण्याचा रंग दिसू लागला. तेव्हा बाबासाहेबांनी त्यांस विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवितो काय? उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर तुम्ही त्यास या टाक्यावर अडवाल काय? यावर जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्यास शिवू नये या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी सोबत एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला.

हा मनुष्य कोण होता? कोलंबिया व लंडन विद्यापीठांचा डॉक्टर, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या प्रधानांपुढे बोलून आलेला पुढारी. त्याच्या मागे पाण्यावर पहारा बसविण्यात आला! हा प्रसंग मी कोणत्याही एका धर्माच्या लोकांविरुद्ध तुमचे मन कलुषित करण्यासाठी सांगत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली काठ्या घेऊन आलेले लोक हिंदू होते. सांगावयाचे ते एवढेच की, जातीचे विष सीमा ओळखत नाही. राज्य हिंदूचे असो, मुसलमानाचे असो वा ख्रिस्त्याचे असो, जोपर्यंत गाव तेच आहे तोपर्यंत पाण्यावरचा पहाराही तोच राहतो.

परंतु आपला समाज स्वस्थ बसला नव्हता. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे मराठवाड्यातील अस्पृश्यांची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे यांनी ती भरविली आणि बाबासाहेब तीस आले. ‘जय भीम’ हे अभिवादन याच परिषदेत पुढे आले असे सांगतात. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला, औरंगाबादेत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ची चळवळ केली, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली राजकीय हक्कांचा लढा उभा राहिला. हा लढा मोठा होता. त्यातील त्यागास मी वंदन करतो. तथापि हेही नमूद केले पाहिजे की, जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या पुष्कळ मंडळींना गावातील विहीर सर्वांस खुली करावी असे तेव्हा वाटले नाही. म्हणूनच आपल्यापैकी काही पुढारी निजामाच्या बाजूस गेले. निजाम सरकारनेही अस्पृश्यांस पडीक जमिनी देऊ करून त्यांस जवळ ओढण्याचा यत्न केला. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर हे तर १९४८ साली हैदराबादची बाजू मांडण्यास संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेल्या शिष्टमंडळात होते.

येथे बाबासाहेबांचे शहाणपण पाहा. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी निवेदन काढून हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांस बजावले की, स्पृश्यांनी आपला कितीही छळ केला असला तरी त्यापायी आपली दृष्टी फिरू देऊ नका. निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊ नका. रागाच्या भरात चुकीचा मित्र निवडणे हा देखील गुलामीचाच एक प्रकार आहे, हा त्यातील बोध मी आजच्या तरुणांसाठी येथे मुद्दाम सांगतो.

पुढील हकीकत आपल्या घरातील वृद्धांनी सांगितलेली असेल. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला. लातुरास वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जाळपोळ व लूट मांडली. एका वकिलाने कायद्याचे पुस्तक मिटून तलवार हाती घेतली म्हणजे काय होते, हे मला माझ्या पेशाचा माणूस म्हणून विसरता येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. हा आपला मुक्तिदिन. परंतु सत्य पुरते सांगावयाचे तर त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविण्यात आला, हेही सांगितले पाहिजे. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ हजार ते ४० हजार असा अंदाजिला. उस्मानाबाद व नांदेड हे आपले दोन जिल्हे सर्वाधिक होरपळलेल्यांत होते. तो अहवाल पुढे कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. बुद्धाचा अनुयायी स्वतःच्या बाजूचे पाप झाकीत नाही.

राज्य पडले. आता कायदा बदलू लागला. १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी रद्द करण्यात आल्या. त्यापूर्वीच सर्फेखास जमीन सरकारात जमा झाली होती. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना आपल्या राज्यास लागू असल्याचे मान्य केले. १९५० साली कूळकायदा आला. आणि २६ जानेवारी १९५० रोजी जी घटना अंमलात आली, तिच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम काय म्हणते? विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास आडकाठी होणार नाही. बंधूंनो, दौलताबादच्या टाक्यावर ज्यास अडविले, त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने सोळा वर्षांच्या आत साऱ्या देशातील टाक्यांचे कुलूप काढणाऱ्या घटनेचा मसुदा तयार केला! काठी उगारणाऱ्यास त्याने काठीने उत्तर दिले नाही, कलमाने दिले. सूड आणि न्याय यांतील अंतर एवढेच आहे, परंतु ते फार मोठे आहे.

मग १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. हैदराबाद राज्यात तेव्हा शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. तरी कोणाचे मत नाकारले गेले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याचे चिन्ह. ज्यास अक्षर येत नाही त्याने चिन्ह पाहावे व कागद आत टाकावा. जहागीरदाराचे एक मत, आणि त्याच्या वाड्याबाहेर उभ्या राहणाऱ्या वेठकऱ्याचेही एकच मत.

याचे मोल कळावे म्हणून मी तुम्हांस क्षणभर फार दूर नेतो. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचे राष्ट्र आहे. तेथील पुष्कळ लोक आयमारा व केचुआ या मूळच्या जमातींचे. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो मुलूख जिंकला आणि पोतोसी येथील रुप्याच्या डोंगरात या लोकांस सक्तीने पाळीपाळीने राबविले. आपल्या पूर्वजांनी वेरूळचा डोंगर पोखरून लेणी काढली. त्यांच्याकडून डोंगर पोखरून घेऊन परक्याने रुपे नेले. १८२५ साली बोलिव्हिया स्वतंत्र झाला. आता दुःख सरले, असे त्यांस वाटले असेल. परंतु स्पेनचा राजा गेला आणि स्पेनच्या वंशाचेच जमीनदार धनी झाले. मूळच्या लोकांनी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावे, पाळीने त्याच्या घरी पाणी भरावे, सरपण आणावे, झाडलोट करावी, आणि बदल्यात एक तुकडा कसून खावा, ही वेठ सव्वाशे वर्षे चालूच राहिली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मताचा अधिकार नाही. आणि शाळा नाही म्हणून लिहिता-वाचता येत नाही! १९४५ साली वेठ बंद करण्याचा हुकूम निघाला, परंतु तो कागदावरच राहिला. अखेर एप्रिल १९५२ मध्ये तेथे क्रांती झाली, त्याच वर्षी निरक्षरांसह सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांस मताधिकार मिळाला, आणि २ ऑगस्ट १९५३ रोजी जमीनवाटपाचा हुकूम निघाला. पुढे १९६४ पासून लष्करशाही आली, ती १९८२ साली संपली. आणि डिसेंबर २००५ च्या निवडणुकीत आयमारा जमातीचा एव्हो मोरालेस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. स्वातंत्र्यापासून त्या दिवसापर्यंत एकशे ऐंशी वर्षे लागली.

पाहा, १९५२ साली त्यांस मत मिळाले, आणि त्याच वर्षी आपण हैदराबाद राज्यात पहिले मत टाकले. सात समुद्रांपलीकडील दोन पददलित समाज एकाच वर्षी मतपेटीपाशी पोहोचले. फरक एवढाच की, त्यांस मतासाठी स्वातंत्र्यानंतर सव्वाशे वर्षे थांबावे लागले. आपणांस थांबावे लागले नाही, कारण घटना लिहिणाऱ्यांत आपला मनुष्य होता. ही गोष्ट तुमच्या मुलांस सांगा. आणि दुसरीही गोष्ट सांगा. बोलिव्हियात मताच्या पाठोपाठ, सुमारे एका वर्षाने, जमीनवाटपाचा हुकूम आला. आपल्याकडे मत आले. जमीन आली नाही.

१९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला तो याचसाठी. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी पुन्हा भूमिहीनांचा लढा उभारला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात आपले लोक लाखोंनी तुरुंगात गेले; बायका कडेवर पोर घेऊन गेल्या.

जमिनीच्या जोडीला बाबासाहेबांनी दुसरे शेत पेरले, ते ज्ञानाचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्यास मिलिंद हे नाव दिले, आणि त्या परिसरास नागसेनवन म्हटले; राजाने प्रश्न विचारावेत व भिक्षूने निर्भयपणे उत्तरे द्यावीत, या परंपरेची ती आठवण आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अवघ्या अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, हैदराबाद राज्य मोडले, निजामाचे राजप्रमुखपद संपले व मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी तो महाराष्ट्राचा भाग झाला. एकाच महिन्यात एक सिंहासन संपले व एक समाज उठून उभा राहिला.

परंतु गाव? १९५८ साली येथे मराठवाडा विद्यापीठ निघाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्यास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगावी आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांस ठार मारण्यात आले. निजाम जाऊन तीस वर्षे झाली होती, जहागीरदार जाऊन एकोणतीस वर्षे झाली होती. पेटवणारे हात कोणाचे होते? तिसऱ्या मजल्याचे. विद्यापीठास नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी.

आता आजची गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. लुगड्याच्या चिंधीत बांधलेले कागद त्यांनी टेबलावर सोडले. त्यांचे सासरे गायरानातील दोन एकर कसू लागले होते. पुढे नवऱ्याने कसली, आता मुलगा कसतो. जमीन काढून घेण्याची नोटीस आली होती. बाई म्हणाल्या, “वकीलसाहेब, सासऱ्यानं निजाम पाहिला, नवऱ्यानं काँग्रेस पाहिली, म्या समदी राज्यं पाहिली. सातबारा काही आमच्या नावावर आला नाही बघा.” मी चिंधीतील कागद एकेक उलगडले. त्यात दंडाच्या जुन्या पावत्या होत्या. दंड भरावा लागला म्हणून हा कागद त्यांस लाजेचा वाटत होता. दोनदा चुलीत टाकण्यास काढला होता, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, “आई, हीच तुमची सनद आहे.” कारण २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, अनुसूचित जाती-जमातींच्या व इतर भूमिहीनांची शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले आहे, आणि त्या तारखेपूर्वी आपण जमीन कसत होतो याचा पुरावा दंडाच्या पावतीहून चांगला तो कोणता? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. परंतु त्यातही शासकीय निर्णयान्वये भूमिहीन मजुरांस वा अनुसूचित जाती-जमातींस दिलेल्या जमिनीचा अपवाद राखला आहे. बाईंचे प्रकरण अद्याप निकालात निघालेले नाही. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. परंतु जमीन आजपर्यंत त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकलेले नाही, ते त्या चिंधीच्या बळावर.

म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. घरी गेल्यावर पेटी उघडा. जुना कागद उर्दूत असेल तर टाकू नका. त्यावर फसली सन असेल, त्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन निघेल. खासरा पत्रकाची व पहाणी पत्रकाची नक्कल काढा. गायरान कसत असाल तर गाव नमुना १-ई मध्ये आपले नाव कोणत्या सालापासून आहे ते तलाठ्याकडे अर्ज करून पाहा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. जमिनीच्या कागदावर घरातील स्त्रीचेही नाव लावून घ्या. धम्मात समता आणि सातबाऱ्यावर एकट्या पुरुषाचे नाव, हे शोभत नाही.

तुम्ही नुकतीच दीक्षा घेतली आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. बौद्ध झालात, आता तुमच्या सवलती गेल्या, असे तुम्हांस कोणी भिववील. त्यास सांगा की, १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचाही त्यात समावेश केला आहे. आपला धर्म न लपविता आपला हक्क मागता येतो. आणि गावात कोणी पाण्यावर, वाटेवर वा स्मशानावर अडविले, तर हातात दगड घेऊ नका आणि मान खालीही घालू नका. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून उभा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या पाठीशी आहे. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि फिर्याद द्या. दौलताबादेस बाबासाहेबांनी प्रथम प्रश्न विचारला व मग कायदा लिहिला. आपणही त्याच क्रमाने चालावे.

बंधू-भगिनींनो, मी आरंभी तीन प्रश्न विचारले होते. या देशाची मालकी आता कोणाची? घटनेने सांगितले आहे, लोकांची, म्हणजे तुमचीही. कागद कोणाच्या नावाचा? मतदारयादीत तुमचे नाव आहे, घटनेत तुमचा हक्क आहे. राहिला तो कब्जा. कब्जा कोणी दानात देत नसतो. तो रोज वहिवाटीने टिकवावा लागतो. ग्रामसभेत जाऊन बसणे ही वहिवाट आहे. मुलीस शाळेत पाठविणे ही वहिवाट आहे. मत न विकणे ही वहिवाट आहे. सार्वजनिक विहिरीवर सर्वांच्या बरोबरीने घागर बुडविणे ही वहिवाट आहे. ज्या हक्काची वहिवाट मोडली, तो हक्क कागदावरच मरतो.

इंग्रज गेला, निजाम गेला. वरचे दोन मजले कोसळले. तिसरा मजला उतरविण्याचे काम आपल्यावर सोपविले आहे. तो पाडावयाचा आहे तो कोणाच्या अंगावर नव्हे; त्यात राहणाऱ्यासही मोकळा वारा मिळावा अशा रीतीने. ज्या वाटेने बाबासाहेबांच्या मागे हत्यारबंद शिपाई चालला, त्याच वाटेने आज तुम्ही मुलाबाळांसह निर्भयपणे येथे आलात. परत जाताना दौलताबादला थांबा, मुलांस ती जागा दाखवा, आणि जे घडले ते त्यांस सांगा.

जय भीम!